एकास ऐंशीचा रिपोर्ट आणि रात्री अकराचा फोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत ऑटोइम्यून आजारांवर जो पानभर लेख आला तो मी दोनदा वाचला. लेख वाईट नव्हता हो, ल्युपस, संधिवात, थायरॉईड सगळं नीट समजावलं होतं, पण खाली एक चौकट होती आणि त्यात लिहिलं होतं की एएनए टेस्ट (पेशीच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी) पॉझिटिव्ह आली म्हणजे तुमचं शरीर स्वतःवरच हल्ला करतंय. बास, एवढ्या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र. मी सत्तावीस वर्षं लॅब टेक्निशियन होते आणि त्यातली बरीचशी वर्षं हीच टेस्ट मायक्रोस्कोपखाली वाचण्यात गेली, आता रिटायर झालेय, वेळ आहे, आणि ते वाक्य छापून आल्यावर चारच दिवसांनी रात्री अकराला माझ्या भाचीचा फोन आला. नोकरीसाठी मेडिकल करायचं होतं, तिने मोठं पॅकेज घेतलं, त्यात एएनए फुकटात टाकलेली, आणि रिपोर्टवर ठळक लाल अक्षरात पॉझिटिव्ह. "मावशी, मला ल्युपस झालाय का गं?" हे पहिलं वाक्य. सांधे दुखत नाहीत, ताप नाही, चट्टे नाहीत, रोज पाच किलोमीटर पळते ही मुलगी. तुमच्या चौकटीचा फोटो पण पाठवला होता तिने मला, पुरावा म्हणून.

तर आधी ती टेस्ट काय असते ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की मशीनमधून आकडा बाहेर पडतो. काही ठिकाणी आता पडतोही, पण मूळ पद्धत अशी की एका काचेच्या स्लाईडवर माणसाच्या पेशी वाढवून चिकटवलेल्या असतात, हेप-टू नावाच्या. (या पेशींची एक गंमत आहे. त्या घशाच्या कॅन्सरच्या म्हणून पन्नासच्या दशकात नावारूपाला आल्या आणि नंतर लक्षात आलं की कधीतरी भेसळ होऊन त्या हेला पेशीच झाल्यात, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या ट्यूमरमधल्या, ज्या १९५१ मधे वारल्या. नाव मात्र तेच राहिलं. म्हणजे जगभरातल्या लोकांचं रक्त आपण अजून एका बाईच्या पेशींवर टाकून बघतोय.) त्यावर पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी, पातळ करून टाकायचं, अर्धा तास ठेवायचं, धुवायचं. सीरममधे पेशीच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतील तर त्या चिकटून बसतात, बाकीचं सगळं धुऊन जातं. मग त्यावर चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटीबॉडी टाकायची जी पहिलीला जाऊन धरते, परत धुवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन बघायचं. डोळे अंधाराला सरावायला जरा वेळ लागतो. आणि मग दिसतं, घड्याळाच्या रेडियमसारखं हिरवंगार, कधी अख्खं केंद्रक एकसारखं, कधी ठिपके ठिपके, कधी मोजून चाळीस-पन्नास बारीक टिंबं. सुंदर असतं खरंच. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण आधी 'वा' म्हणतो आणि मग त्याला आठवतं की हा कुणाचातरी रिपोर्ट आहे.

आता पातळ किती करायचं हा सगळा खेळ आहे. एकास चाळीस म्हणजे सीरमचा एक भाग आणि एकूण चाळीस. त्यातही चमकलं तर एकास ऐंशी, मग एकशेसाठ, तीनशेवीस, असं दुप्पट दुप्पट करत जायचं आणि जिथपर्यंत चमक दिसते तो झाला टायटर. म्हणजे ही हो-नाहीची टेस्ट नाहीच मुळात. रेडिओचा आवाज कमी कमी करत नेला आणि कुठपर्यंत ऐकू येतंय ते बघितलं, तसं आहे. आणि ऐकणाऱ्याचे कान पण मधे येतात, तीच स्लाईड मी एकशेसाठ वाचली तर शेजारची ऐंशी वाचेल, एका पायरीचा फरक आम्ही फरक धरतच नाही. तरी रिपोर्ट छापताना मात्र कुठेतरी एक रेघ मारायची आणि रेघेच्या वर सगळे पॉझिटिव्ह, खाली सगळे निगेटिव्ह. रेघ कुणी मारली, कुठे मारली हे रिपोर्ट वाचणाऱ्याला कळत नाही.

माझ्या नोकरीच्या सुरवातीच्या वर्षांत एकदा नवीन किट आलं. ते तपासायचं म्हणून ठणठणीत माणसांचं रक्त हवं होतं, मग कुठे शोधणार, आम्हीच बाह्या वर केल्या. डिपार्टमेंटचे नऊ जण. एकास चाळीसला तिघांचं चमकलं. दोघांचं पुढच्या पायरीला मावळलं आणि एकाचं मावळेना, एकशेसाठपर्यंत गेलं, बारीक ठिपक्यांचा पॅटर्न. ती नळी माझी होती. मला आठवतं, मी ती स्लाईड परत लावली, मग नळी बदलली असेल म्हणून परत रक्त काढलं, परत लावली. तेच. त्या रात्री माझी अवस्था भाचीपेक्षा वेगळी नव्हती, फक्त गुगल नव्हतं म्हणून पुस्तकं उलथीपालथी केली. आमच्या सीनियर बाई होत्या, त्यांनी स्लाईड बघितली, मला विचारलं "तुला काही होतंय का?" मी म्हटलं नाही. "मग बस कामाला." तेव्हा राग आला होता, वाटलं किती ही बेफिकिरी. बाईंनी खरं तर चार शब्दांत अख्खी टेस्ट समजावली होती मला, कारण या टेस्टचा अर्थ त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरच लागतो.

पुढे १९९७ मधे एक पेपर आला, पंधरा लॅब्सनी वेगवेगळ्या देशांत मिळून केलेला, निरोगी माणसांची एएनए. आमच्या अंधाऱ्या खोलीतल्या नऊ जणांचं जे झालं तेच तिथे मोठ्या प्रमाणावर. एकास चाळीसला ३१.७ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह. ऐंशीला १३.३. एकशेसाठला ५ आणि तीनशेवीसला पण ३.३. म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्या शंभर धडधाकट माणसांत तीस-बत्तीस जणांचं रक्त पहिल्या पायरीला चमकणार आणि तेरा जणांचं भाचीच्या, म्हणजे एकास ऐंशीच्या, पायरीला. अमेरिकेत सरकारी आरोग्य पाहणीसाठी लोकांचं रक्त साठवून ठेवतात, त्यातून तर असं निघालं की १९८८ ते ९१ मधे ११ टक्के पॉझिटिव्ह होते ते २०११-१२ पर्यंत जवळजवळ १६ टक्के झाले, आणि सगळ्यात जास्त वाढ बारा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींत. वजन, सिगारेट, दारू यांच्यावर ढकलून बघितलं तरी हिशोब जुळत नाही. बायकांमधे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. हे आजारी लोक नाहीत बरं का, घरी जाऊन गोळा केलेले साधे लोक आहेत.

आता साधं गणित करा. एक लाख माणसं घ्या. त्यातल्या शंभर जणांना ल्युपस आहे असं धरू, हे मी सढळ हाताने धरतेय. ल्युपसवाले जवळपास सगळेच एएनए पॉझिटिव्ह येतात, म्हणजे शंभर. आणि उरलेल्यांत एकास ऐंशीला तेरा टक्के म्हणजे तेरा हजार. आता सरसकट सगळ्यांची टेस्ट केली तर तेरा हजार शंभर पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यात खरा आजार शंभर जणांना. एकशेएकतीसात एक. उरलेले एकशेतीस रात्री अकराला कुणालातरी फोन करणार. आणि हीच टेस्ट जर अशा शंभर जणांची केली ज्यांचे सांधे सुजलेत, उन्हात गेलं की चेहऱ्यावर चट्टे येतात, तोंडात सारखे फोड येतात, लघवीत प्रोटीन जातंय, तर मग हाच रिपोर्ट सोन्यासारखा उपयोगी. टेस्ट तीच, स्लाईड तीच, वाचणारी पण मीच. माणूस कोण आहे त्यावर सगळं. ल्युपसचे जे २०१९ चे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात पण एकास ऐंशी ही नुसती दारातली पायरी आहे, ती चढल्याशिवाय आत घेत नाहीत पण चढलात म्हणून घर तुमचं होत नाही, पुढे लक्षणांचे मार्क मोजतात. मला वाटतं पॅकेजवाल्यांनी हे अर्धच वाचलंय, पहिलं अर्धं.

भाचीने मग खरा प्रश्न विचारला, की पण मावशी माझ्या शरीरात हे आहेच कशाला? आणि इथे मला कबूल करायचंय की बरीच वर्षं मला पण हे माहीत नव्हतं. आम्हाला शिकवलं होतं की प्रतिकारशक्ती स्वतःला आणि परक्याला ओळखते, स्वतःवर जाणाऱ्या पेशी लहानपणीच मारून टाकल्या जातात, उरल्या तर आजार. पॉल एर्लिक यांनी विसाव्या शतकाच्या सुरवातीलाच हे म्हणून ठेवलं होतं की शरीर स्वतःला विष द्यायला घाबरतं. मजा म्हणजे १९०४ मधेच डोनाथ आणि लँडस्टायनर या दोघांनी थंडी लागली की लाल लघवी होणारे पेशंट पकडले आणि त्यांच्याच रक्तात त्यांच्याच लाल पेशी फोडणारी अँटीबॉडी दाखवली, तरी एर्लिक यांच्या त्या वाक्याचा दबदबा असा की पन्नासेक वर्षं लोक ऑटोइम्यून आजार ही गोष्ट मानायलाच तयार नव्हते. मग १९५६ मधे थायरॉईडच्या अँटीबॉडी सापडल्या, १९५७ मधे केंद्रकाच्या अँटीबॉडी चमकवून दाखवायची ही पद्धत आली, आणि लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला, अँटीबॉडी दिसली की आजार. आधी नाहीच म्हणत होते, मग जिथे तिथे तेच. तुमची चौकट त्या दुसऱ्या टोकाला लटकलेली आहे.

खरी गोष्ट मधेच कुठेतरी आहे. २००३ मधे निरोगी माणसांच्या बोनमॅरोमधल्या कोवळ्या बी-पेशी एकेक करून काढून बघितल्या, त्या ज्या अँटीबॉडी बनवतात त्यातल्या ५५ ते ७५ टक्के स्वतःच्याच शरीरातल्या कशाला ना कशाला चिकटत होत्या. निम्म्याहून जास्त! म्हणजे कारखान्यातून माल असाच निघतो. मग गाळण्या लागतात, एक मॅरोमधे, एक बाहेर पडल्यावर, आणि गाळून झाल्यावरही पक्क्या पेशींत साधारण पाचेकातली एक तशीच राहते. का ठेवतं शरीर? एक तर अगदी घट्ट गाळणी लावली तर जंतूंना चिकटणारे पण गळून जातील, कारण जंतूंची प्रोटीनं आणि आपली प्रोटीनं काही वेगवेगळ्या दुनियेतनं आलेली नाहीत, आकार सारखे असतात. आणि दुसरं, यातल्या बऱ्याच अँटीबॉडी काम करतात. रोज शरीरात अब्जावधी पेशी मरतात, त्यांचा कचरा उचलायला आयजीएम जातीच्या हलक्या चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतात ज्या कुठलीही लस किंवा इन्फेक्शन नसताना पण तयारच असतात, जंतूविरहित पेटीत वाढवलेल्या उंदरांमधे पण सापडतात. आणि उंदरांत ही आयजीएम रक्तात सोडायची सोयच बंद केली तर ल्युपससारखा त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणजे स्वतःला चिकटणारं सगळं शत्रू नाही, त्यातले काही झाडूवाले आहेत, आणि झाडूवाल्यांना काढलं की कचऱ्यावरून दंगल होते. मला तर हे वाचून माझ्या एकशेसाठचा अभिमानच वाटला जरा वेळ, मग लक्षात आलं की माझी टेस्ट आयजीजी ही दुसरी जात बघते, ही आयजीएमची गोष्ट माझ्या स्लाईडला सरळ लागू होत नाही. असो.

२०२२ मधे अजून एक अभ्यास आला, १८२ निरोगी माणसं, तान्ह्या बाळांपासून मोठ्यांपर्यंत, आणि हजारो प्रोटीनं मांडलेल्या चकतीवर त्यांचं रक्त टाकून बघितलं. ७७ ऑटोअँटीबॉडी अशा निघाल्या की ज्या बऱ्याच जणांत सारख्याच होत्या. बाळपणापासून वाढत जातात, किशोरवयापर्यंत, आणि मग तिथेच राहतात. त्यातल्या काहींची प्रोटीनं व्हायरसच्या तुकड्यांसारखी दिसतात, म्हणजे लहानपणी सर्दी-तापाशी लढताना हात चुकून आपल्यालाच लागला आणि ती आठवण राहिली असं असू शकेल. आणि बरीचशी प्रोटीनं अशी की जी पेशीच्या आत किंवा अशा अवयवात लपलेली असतात जिथे अँटीबॉडीचा हात पोचतच नाही, म्हणून नुसती असते, करत काही नाही. आम्ही लॅबमधे पण एक पॅटर्न ओळखतो, दाट बारीक ठिपक्यांचा, कोड एसी-टू, तो डीएफएस-सेव्हंटी नावाच्या अँटीबॉडीचा असतो आणि तो एकटाच असेल, सोबत दुसरी काही अँटीबॉडी नसेल, तर उलट आम्हाला हायसं वाटतं कारण तो आजाऱ्यांपेक्षा निरोगी लोकांतच जास्त दिसतो. रिपोर्टवर मात्र तो पण पॉझिटिव्हच. लाल अक्षरात.

हे सगळं लिहिल्यावर कुणी म्हणेल बाई म्हणतायत दुर्लक्ष करा. नाही म्हणत. उलट बाजू पण तितकीच खरी आहे आणि ती मी भाचीला पण सांगितली, लपवली नाही. अमेरिकन सैन्यात भरती झालेल्यांचं सीरम वर्षानुवर्षं फ्रीजरमधे ठेवतात. पुढे ज्यांना ल्युपस झाला अशा १३० जणांच्या जुन्या नळ्या काढून बघितल्या तर ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच काहीतरी ऑटोअँटीबॉडी होती, कुणाच्या तर नऊ वर्षांहून जास्त आधी. तेव्हा ते सैनिक धावत होते, कवायत करत होते, निरोगीच होते. पण त्यात एक क्रम होता. एएनए, रो, ला वगैरे नावांच्या अँटीबॉडी खूप आधी येतात आणि वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहतात, आणि स्मिथ, आरएनपी या अगदी आजाराच्या तोंडावर. म्हणजे अँटीबॉडी आहे का यापेक्षा कुठली आहे, किती प्रकारच्या साठत चालल्यात, हा प्रश्न महत्त्वाचा. मुलांच्या डायबेटिसमधे तर हे फार स्पष्ट दिसतं, तेरा हजारांहून जास्त मुलांना जन्मापासून बघत गेले, ज्यांच्यात स्वादुपिंडाविरुद्धची एकच अँटीबॉडी होती त्यातल्या साडेचौदा टक्क्यांना दहा वर्षांत डायबेटिस झाला, आणि ज्यांच्यात दोन किंवा जास्त त्यातल्या जवळजवळ ७० टक्क्यांना. एक आणि दोन यात एवढा फरक! आणि आता तिथे करण्यासारखं काही आहे, २०२२ मधे अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाचं औषध मंजूर झालं जे या टप्प्यावर दिलं तर आजार लांबतो. थायरॉईडचं मधलंच. टीएसएच नॉर्मल आणि फक्त अँटीबॉडी पॉझिटिव्ह अशा शंभर बायका घेतल्या तर वर्षाला साधारण दोघींचं थायरॉईड मंदावतं, इंग्लंडमधल्या एका भागातल्या लोकांना वीस वर्षं धरून ठेवून काढलेला आकडा आहे हा. बाकी अठ्ठ्याण्णवजणींनी वर्षातनं एकदा टीएसएच करावी आणि आपापल्या कामाला लागावं.

आणि एक प्रकार तर असा की ज्याने माझी पण झोप उडवली. करोनाच्या वेळी मरणाच्या दारात गेलेल्या ९८७ पेशंटमधे १०१ जणांकडे इंटरफेरॉनविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे व्हायरस आला की जी पहिली घंटा वाजते तिलाच बांधून ठेवणाऱ्या. १०१ मधले ९५ पुरुष. ज्यांना सौम्य करोना झाला अशा ६६३ जणांत एकही नाही. या अँटीबॉडी करोनाने केल्या नव्हत्या, आधीपासून होत्या, आणि नंतर चौतीस हजारांवर निरोगी लोकांत शोधलं तर सत्तरीच्या आत ०.१८ टक्के आणि ऐंशीच्या पुढे ३.४ टक्के निघाल्या. अशा माणसाला काही होत नाही. तो व्हायरस येईपर्यंत काहीच होत नाही. म्हणजे 'निरोगी' हा शब्द पण तसा अर्धवटच आहे, कशाच्या समोर निरोगी ते विचारावं लागतं. आणि गंमत बघा, ही जी अँटीबॉडी खरोखर घात करते ती कुठल्याच पॅकेजमधे नसते, आणि जी तेरा टक्क्यांत निघते ती फुकट.

माझ्या मते गडबड इथे होते की आपण निरोगी लोकांचं रक्त कोऱ्या पाटीसारखं समजतो. कोरी कुणाचीच नसते. स्टॅनफर्डमधे २१० जुळ्यांच्या रक्तात २०४ गोष्टी मोजल्या होत्या, पेशी, सिग्नल, प्रोटीनं, २०१५ मधे आलं ते. एकसारख्या जुळ्यांत जीन्स तेच, तरी तीनचतुर्थांशाहून जास्त गोष्टींत जीन्सपेक्षा बाकीच्या आयुष्याचा हात मोठा निघाला. जुळ्यातल्या एकाला सीएमव्ही नावाचा व्हायरस झालेला आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यानेच निम्म्याहून अधिक आकडे दोघांचे वेगळे. हा व्हायरस कित्येकांना होऊन जातो आणि कळत पण नाही, तो जात नाही, आयुष्यभर कोपऱ्यात बसतो. आणि याच्या बरोब्बर उलटं, मूल एकत्र वाढवणारे नवरा-बायको घेतले, ज्यांच्यात रक्ताचं नातं नाही, तर त्यांच्या प्रतिकारशक्तीत अनोळखी दोघांपेक्षा फरक निम्मा. मुलाने घरात आणलेली प्रत्येक सर्दी दोघांनी वाटून घेतलेली असते ना. फ्रान्समधे पाश्चर इन्स्टिट्यूटने हजार निरोगी माणसं घेतली, पाचशे बायका पाचशे पुरुष, विशीपासून एकोणसत्तरपर्यंत, त्यात सिगारेट सोडून वर्षं झालेल्यांच्या टी-पेशींवर (या पण प्रतिकारशक्तीच्याच पेशी) पण सिगारेटचा ठसा तसाच. तर अशी वही असते ही. कुणाच्या वहीत खाडाखोड जास्त, कुणाच्या कमी. माझ्या वहीत एकशेसाठची एक ओळ आहे, ती कधी लिहिली गेली, लहानपणीच्या कुठल्या तापात का बाळंतपणात का आणखी कशात, देव जाणे. टीबीच्या आयसोनियाझिडसारख्या गोळ्यांनी पण एएनए चढते, काही बीपीच्या गोळ्यांनी पण, हे कुणी विचारत नाही टेस्ट करताना.

(याच कारणाने 'इम्युनिटी वाढवा' म्हणणाऱ्या जाहिराती बघितल्या की मला हसू येतं आणि मग राग येतो. ल्युपस म्हणजे काय कमी इम्युनिटी आहे? कुठली वाढवू, झाडूवाली का दंगलवाली? पण त्या जाहिराती तुमच्याच पेपरात असतात म्हणून इथेच थांबते.)

मला काय हवंय ते सांगते. एक, लक्षणं नसलेल्या माणसाच्या चेकअपमधून एएनए, आरए फॅक्टर असल्या टेस्ट काढून टाका. आरए फॅक्टरचं पण तेच, निरोगी म्हाताऱ्या माणसांत दहातल्या एकात सहज निघतो आणि मग गुडघे झिजलेल्या आजोबांना संधिवाताची गोळी चालू होते, बघितलंय मी. अमेरिकन संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मधेच डॉक्टरांना बजावलंय की एएनए पॉझिटिव्ह आणि आजाराचा संशय हे दोन्ही असल्याशिवाय पुढचं पॅनल, म्हणजे एकेका अँटीबॉडीची वेगळी टेस्ट, करू नका. इथे उलटं चालतं, पॅकेजमधे सगळं एकदमच. दुसरं, रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह छापू नका. टायटर लिहा, पॅटर्न लिहा, आणि खाली एक ओळ टाका की या टायटरला शंभरातले इतके निरोगी लोक पण पॉझिटिव्ह असतात. एक ओळ. शाई किती लागणार? मी नोकरीत असताना ही ओळ टाकायचा खूप प्रयत्न केला, मला सांगितलं गेलं की रिपोर्टवर उपदेश नको, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांकडे रिपोर्ट जायच्या आधी तो पेशंटच्या मोबाईलवर जातो हे तेव्हा नव्हतं, आता आहे, तरी ओळ नाहीच. आणि तिसरं तुमच्यासाठी, संपादक साहेब, ती चौकट सुधारून छापा. लेख तसाच राहू द्या, चौकट तेवढी.

भाचीचं काय झालं ते राहिलं. तिला मी बाईंचाच प्रश्न विचारला, फक्त जरा सविस्तर. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, किती वेळ, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, केस पुंजक्याने जातात का, तोंडात फोड, श्वास घेताना छातीत दुखणं, डोळे कोरडे, घरात कुणाला. सगळ्याला नाही. मग म्हटलं तुझ्या फॅमिली डॉक्टरांना एकदा दाखव, एक साधी लघवी आणि सीबीसी बघून घेतील, आणि ही एएनए परत परत करत बसू नकोस, ती वर-खाली झाली तरी त्यातून काही कळत नाही. यातलं कुठलं लक्षण पुढे कधी आलं तर मात्र रिपोर्ट घेऊन जा, तेव्हा तो कामाचा आहे. डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. तीन दिवसांनी परत फोन, यावेळी दुपारी. नोकरीच्या विम्याचा फॉर्म भरत होती, त्यात रकाना, 'पूर्वीचे किंवा सध्याचे आजार'. लिहू का मावशी? मी म्हटलं रिपोर्टची कॉपी जोड, टेस्ट केली ते लपवू नकोस, पण आजाराच्या रकान्यात आजार लिहायचा असतो. तिने 'नाही' लिहिलं आणि मग वीस मिनिटांनी मेसेज केला, लाल अक्षरात पॉझिटिव्ह असलेला कागद जोडून वर नाही लिहिलंय, ते लोक मला खोटारडी समजतील का. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तुम्हाला पत्र लिहायला बसले.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
(एएनए एकास एकशेसाठ, बारीक ठिपके, तब्येत उत्तम)